चौकात नव्हे, चौकला

हसू नका असं मी म्हणणार नाही, हसालच. फक्त चहाचा घोट आधी गिळून घ्या. मागच्या वेळी हे सांगितलं तेव्हा आमच्या नणंदेने स्वतःच्या नव्या ड्रेसवर चहा सांडला आणि त्याचंही खापर माझ्याच डोक्यावर फुटलं.

माझं माहेर बार्शीचं. लग्न होऊन आले ती कर्जत आणि खालापूरच्या मधल्या एका गावात. फाटकात उभं राहिलं की समोरून रस्ता जातो. डावीकडे गेलात तर कर्जत. उजवीकडे गेलात तर... ते सांगते. सगळी गोम तिथेच आहे.

आमच्या या भागात एका गावात सगळं मिळेल तर शपथ. कपडे, भांडी, सोनं म्हटलं की कर्जत. दाखला, सही, शिक्का म्हटलं की खालापूर, आणि तिथे गेलात की कचेरीबाहेरची गरम भजी खाल्ल्याशिवाय काम झाल्यासारखं वाटत नाही. जरा बरं जेवायचं असेल तर 'हायवेला'. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात आमच्या ह्यांनी मला हे सगळं शिकवलं, पाढे शिकवावेत तसं. हायवेला म्हणजे नेमकं कुठल्या गावात, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. न विचारणं हा माझा जन्मजात गुण आहे. लोक त्याला शालीनता म्हणतात.

आमच्या फाटकासमोरून दिवसभर रिक्षा जातात. डावीकडे जाणारे "कर्जत, कर्जत" ओरडतात. उजवीकडे जाणारे "चौक, चौक" ओरडतात. मला वाटायचं, हे बिचारे कुठल्यातरी चौकापर्यंतच जात असतील, पुढचं परमिट नसेल. बार्शीत काय कमी चौक आहेत? चौक नावाचं एक अख्खं गाव असू शकतं, हे माझ्या स्वप्नातही आलं नाही. तुमच्या आलं असतं का? खरं सांगा.

आता सासूबाई. त्यांना बोलायला माणूस लागतं, आणि नशिबाने आम्ही मिळालो. सासरे बोलतात ते म्हशीशी. हे कंपनीतून आले की झोपतात. धाकटे दीर मोबाईलमध्ये. वर मी ही अशी. सासूबाई शेजारणीला सांगायच्या, "घर कसलं गं, वाचनालय झालंय आमचं. धाकटी सून तरी बोलकी आणीन." हे त्या माझ्यासमोरच म्हणायच्या आणि मी मान डोलवायचे. मुद्दा बरोबरच होता.

तर एके दिवशी सासूबाईंनी मला समोर बसवलं. त्यांचा गुडघा सुजला होता, त्याच्यावर हळदीचा लेप, आणि चेहरा असा की मला वाटलं माझ्या हातून काहीतरी फुटलंय.

"उद्या शकूकडचा बस्ता हाय," त्या म्हणाल्या.

शकूमावशी म्हणजे सासूबाईंची धाकटी बहीण. आमच्या लग्नात ती रुसली ती रुसलीच. कारण? तिला दिलेली मानाची साडी आणि मांडववाल्याच्या बायकोला दिलेली साडी, दोन्ही एकाच रंगाच्या निघाल्या. मांडववाल्याची बायको खूश झाली आणि मावशी शेवटच्या रांगेतून न जेवता उठून गेली. तेव्हापासून दोन्ही बहिणींचं बोलणं बंद होतं. आता मावशीच्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि मावशीने कुणाच्या तरी हाती निरोप धाडला होता: बस्त्याला ताईच्या घरचं कोणी आलं तर ठीक, नाही आलं तर आजपासून मला बहीण नाही.

"माझ्यानं तर जिना चढवत नाय," सासूबाई म्हणाल्या. "तूच जा. घराचं नाक हायस तू उद्या."

मी नाकाला हात लावला.

"चौकला उतर. उतरलीस की समोरच कापडाचं दुकान. माडीवर बसतील सगळी. आणि हे बघ, विचारलं तरच बोल, आणि कशाला नाय म्हणू नको. सगळ्याला चालेल म्हण. समजलं?"

"चालेल," मी म्हणाले.

आता इथे माझी हुशारी बघा. सासूबाई म्हणाल्या 'चौकला'. मी मनात म्हटलं, इथली माणसं 'आहे'ला 'हाय' म्हणतात, 'आम्ही'ला 'आमी' म्हणतात, तशी 'चौकात'ला 'चौकला' म्हणत असणार. नव्या सुनेने इथली बोली शिकायला हवी, ती मी शिकत होते. आणि कापड म्हणजे कर्जत, हा पाढा पाठ होताच. कर्जतला एक चौक आहे, त्या चौकात कापडाचं मोठं दुकान आहे, त्याला माडी आहे. कुणाला विचारायचं काय उरलं?

मी डावीकडची रिक्षा पकडली.

दुकानात शिरले तर गल्ल्यावरचे शेठ मला बघूनच म्हणाले, "बस्ता ना? वर जा, मंडळी वाट बघतायत." आता वाट बघतायत म्हटल्यावर शंका कशी यावी? मी पदर सारखा केला आणि जिना चढले.

वर पांढऱ्या गाद्यांवर दोन घोळके बसले होते. एक मुलाकडचा, एक मुलीकडचा, मध्ये साड्यांचा डोंगर. माझ्यापुढे अडचण एकच होती, मावशीला मी नीट पाहिलेलंच नव्हतं. लग्नात माझ्या डोळ्यांवर मुंडावळ्या होत्या आणि ती शेवटच्या रांगेत रुसलेली होती. मी घोळक्यातली सगळ्यात रुसल्यासारखी दिसणारी बाई शोधली, तिच्या पाया पडले आणि म्हणाले, "मावशी, यायला उशीर झाला."

"असू दे, असू दे, बस," ती म्हणाली.

तुम्हीच सांगा, या वयाच्या कुठल्या बाईला 'मावशी' म्हटलं तर ती 'मी नव्हे' म्हणेल?

ती नवऱ्या मुलाची आई होती, तेवढं बरोबर निघालं. तिला वाटलं मी मुलीकडची. पलीकडच्या घोळक्यात मुलीची आत्या होती, आवाज असा की खालच्या मजल्यावरचे शर्ट हलावेत. तिने मला मुलाच्या आईच्या पाया पडून तिच्याच शेजारी टेकताना पाहिलं, तिला वाटलं मी मुलाकडची. म्हणजे दोन्ही बाजूंना मी समोरच्यांची. आणि समोरच्यांच्या माणसाशी बस्त्यात कसं वागतात ते तुम्हाला ठाऊक आहे. मला दोन्हीकडून थंड मिळालं, दोन्हीकडून पंख्याखालची जागा मिळाली. मी एक नाक म्हणून आले होते, मला तिथे अख्खं तोंड समजून बसले.

मग शालूवरून पेटलं. मुलाच्या आईला मोरपंखी हवा होता. आत्या म्हणत होती लालच.

"आमच्यात लालच नेसतात."

"आमच्यात मोरपंखी नेसतात."

"मग तुमच्याकडच्या पोरींना नेसवा की."

"तेच तर करतोय, आता ती आमचीच ना?"

नवरी बिचारी दोघींच्या मध्ये दोन्ही खांद्यांवर दोन पदर घेऊन हँगरसारखी उभी. शेवटी दुकानातला साड्या दाखवणारा माणूस घाम पुसत माझ्याकडे वळला. "तुम्ही सांगा वहिनी. मघापासून तुम्हीच काय त्या शांत आहात."

मला सासूबाईंचा शब्द आठवला. कशाला नाय म्हणू नको. मी मोरपंखीकडे बघितलं, लालकडे बघितलं.

"दोन्ही चालतील."

मुलाच्या आईला वाटलं, मुलीकडच्यांना मोरपंखी चालतोय. आत्याला वाटलं, मुलाकडच्यांना लाल चालतोय. दोघी एकदम हसल्या. "मग दोन्ही घेऊ," मुलाची आई म्हणाली, "एक लग्नाला, एक पूजेला." दुकानदाराने मला आणखी एक थंड मागवलं.

त्यानंतर मला कोणी सोडेचना. हळदीला बेंजो आणायचा का? चालेल. आणि वरातीला डीजे? चालेल. नवरदेवाच्या बुटांना सोनेरी चकत्या? मी त्या बुटांकडे बघितलं. देवा. चालेल.

तेवढ्यात फोन वाजला. सासूबाई.

"पोचलीस? भेटली मंडळी?"

"हो आई. माडीवरच बसलोय."

"अगं, शकूचा फोन आलेला, स्वतःहून." त्यांचा आवाज ओला झाला होता. "म्हणते, ताई, तुझी सून किती गोड बोलते गं. थांबतच नाय."

मी चाटच पडले. सकाळपासून मी 'चालेल' सोडून काय बोलले होते? मुलाच्या आईकडे पाहिलं, ती ब्लाउजपीस चाचपत होती. मघाशी ती फोन घेऊन जिन्यात गेली होती खरी. मला वाटलं, या बाईच्या घरी माझ्याहून गप्प माणसं असणार.

"आणि मशीनचं काय सांगितलंस तिला? म्हणते, या वयात मशीन चालवू नकोस, गुडघे जातील."

आमच्याकडे कपडे धुण्याचं मशीन नुकतंच आलं होतं. ते बटणावर चालतं. त्याचा गुडघ्याशी काय संबंध, आणि मुळात ते मावशीला सांगितलं कोणी? पण विचारलं नाही. ते तर तुम्हाला आता पाठच झालं असेल.

बस्ता उरकला. मुलाच्या आईने माझ्या मांडीवर एक साडी ठेवली, गुलबक्षी रंगाची. "मानाची," ती म्हणाली. मला भरून आलं. म्हटलं, हिचा रुसवा गेला, घराचं नाक राहिलं.

मग प्रश्न आला जेवणाचा. आत्या म्हणाली, "चला चौकला. ढाब्यावर मासे खाऊ. आमाला तसंच पुढं खालापूरला जाता येईल."

आता हे मला राहवेना. दिवसभरात पहिल्यांदा मी आपणहून तोंड उघडलं. "पण आपण चौकातच आहोत ना?"

माडी हसण्याने हलली. आत्याने माझ्या पाठीवर थाप मारली. "बाई बोलत नाय, पण बोलली की काय बोलते! चौकला चला म्हटलं तर म्हणते चौकातच हाय." मी पण हसले. विनोद कोणता झाला ते मला कळलं नव्हतं, पण माझा होता म्हणून हसले.

गाडी निघाली ती आमच्याच गावाच्या रस्त्याने. मला वाटलं योगायोग. आमचं फाटक आलं. फाटकात सासूबाई उभ्या, गुडघा धरून, फोन कानाला. त्यांची नजर उजवीकडच्या रस्त्यावर आणि मी डावीकडून येत होते. माझा फोन वाजला.

"कुठं हायस गं?"

"जेवायला चाललोय आई."

"बरं बरं. सावकाश जेव. शकू म्हणते, मासा लई आवडतो तुला."

मी खिडकीतून हात केला. त्यांनी पाहिलंच नाही. मला मासा आवडत नाही. बार्शीला समुद्र नाही. मावशीला कोणी सांगितलं, या विचारात होते तोवर रस्त्याच्या कडेला एक पाटी सरकत गेली. पाटीवर लिहिलं होतं: चौक.

नुसतं चौक. पुढे-मागे कोणाचं नाव नाही, पुतळा नाही, काही नाही. बाजूला घरं, गॅरेजं, शाळा. कापडाचं दुकान. त्याला माडी.

हे जर चौक असेल, तर माझ्या शेजारी बसून लवंग चघळणारी ही बाई कोण होती?

ढाब्यावर बसलो. पाठीमागच्या टेबलावर आणखी एक मोठं कुटुंब जेवत होतं, त्यांच्याही पायाशी कापडाच्या पिशव्या. त्यातली एक बाई फोनवर बोलत होती. "अगं ताई, शकू बोलतेय. आता समोरच बसलीय तुझी सून. सुरमई खातेय. काटा कसा काढते बघायला पायजे."

मी वळून पाहिलं. पंजाबी ड्रेसमधली एक मुलगी सुरमईचा काटा काढत होती. खरंच छान काढत होती.

आणि नेमकं त्याच क्षणी आमच्या टेबलावर आत्या मुलाच्या आईला म्हणाली, "काही म्हणा, तुमची ही सून गुणी हाय हो."

"आमची?" मुलाची आई म्हणाली. "मला वाटलं तुमची."

सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली. हातात गुलबक्षी साडी, पुढ्यात त्यांचीच सोलकढी.

"तुमी कोणाकडच्या?" आत्याने विचारलं. यावेळी हळू आवाजात, आणि तेच जास्त भीतीदायक होतं.

मी मागच्या टेबलाकडे बोट केलं. "मी बहुतेक... त्यांच्याकडची."

उठले, मागच्या टेबलापाशी गेले, वाकून पाया पडले. "मावशी, मी ताईंची सून."

शकूमावशीने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "कुठल्या ताईची? माझ्या ताईची सून ही बसलीय."

मुलीने घास गिळला. "मावशी, मी सून नाय. मी ताईकडची."

"तेच तर म्हणते मी."

"शिलाईवाल्या ताईकडची. ब्लाउजपीस न्यायला आले होते दुकानात. तुमीच विचारलंत, ताईकडची का गं तू? मी म्हटलं हो. तुमी म्हणालात चल जेवायला. मला वाटलं, गिऱ्हाईक चांगलं हाय."

"आणि ताईचा गुडघा दुखतो म्हणालीस ते?"

"दुखतोच. दिवसभर मशीन चालवतात पायानं."

मावशीला घाम फुटला. समोर तिचे नवे व्याही बसलेले. सकाळपासून तिने या मुलीची सगळ्यांशी 'माझ्या ताईची सून' म्हणून ओळख करून दिली होती. गळ्यात मंगळसूत्र नाही, असं कोणीतरी म्हटलं तर 'हल्लीच्या पोरी पर्समधी ठेवतात' असंही ठणकावलं होतं. आणि आता मी आले होते, दुसऱ्याच टेबलावरून, दुसऱ्याच कुणाची मानाची साडी काखेत घेऊन. मावशीचा माझ्यावर विश्वास बसावा तरी कसा? माझाच बसत नव्हता.

"आमी वळखत नाय हिला," आत्याने मागून साक्ष दिली. "पण बाई चांगली हाय. हिच्यामुळं आमचा शालू मिटला."

मावशीने व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर सासूबाईंचं कपाळ आलं. त्या फोन नेहमी तसाच धरतात.

"ताई, नीट बघ. यातली तुझी कुठली?"

"चष्मा घरात हाय गं. दोघी धुरकट दिसतायत. त्यांना बोलायला सांग."

तव्यावरची भाकरीसुद्धा फुगायची थांबली असेल.

मावशीने फोन आधी त्या मुलीपुढे धरला. ती सुरू झाली. "नमस्कार आजी, मी दीपाली. माझा काय बी दोष नाय, मला आग्रह केला यांनी, आणि सुरमई एवढी ताजी होती की नाय म्हणवेना. गुडघ्याला नुसती हळद लावू नका, सोबत निर्गुडीचा पाला बांधा, आमच्या ताईंना बरं वाटतं. आणि तुमी असा फोन धरलात तर कपाळच दिसतं, जरा खाली घ्या. हां, आता दिसलात. किती छान दिसता."

सासूबाई पूर्ण पडद्यावर आल्या होत्या.

"बरं. आता दुसरी."

फोन माझ्यापुढे आला. दोन टेबलं, चार घराणी आणि वाढपी माझ्याकडे बघत होते. लग्न, रुसवा, घराचं नाक, सगळं माझ्या जिभेवर येऊन बसलं होतं, आणि जीभ काही केल्या हलेना.

"सांग की, तूच का ताईची सून?" मावशी म्हणाली. "बोल काहीतरी. घरचं नाव घे, नवऱ्याचं नाव घे. उखाणा घे हवं तर."

"चालेल," मी म्हणाले.

"ही!" पडद्यातून सासूबाई ओरडल्या. "ही माझी. सोडा तिला."

मावशी मटकन खुर्चीत बसली. "अगं ताई, मी तुझ्या सुनेला हाकलायला निघाले होते की गं."

"मग? आता मी रुसू का?" सासूबाईंनी विचारलं.

पलीकडे काही क्षण नुसतं कपाळ दिसलं, ते हलत होतं. मग कळलं की त्या हसतायत. मावशीलाही हसू फुटलं. एक बहीण टेबलावर डोकं ठेवून हसतेय, दुसरी फाटकात गुडघा धरून, आणि कॉल कोणीच बंद करेना. रुसवा पार धुऊन निघाला. आत्याने आणि मुलाच्या आईने मला आपल्या टेबलावर परत बोलावलं. साडी परत द्यायला गेले तर म्हणाल्या, मानाची साडी परत घेत नसतात, लग्नाला नेसून ये. कोणाकडून येऊ, ते मी विचारलं नाही.

मला वाटलं, बरी सुटले. तेवढ्यात फोनमधून सासूबाईंचा आवाज आला. हसणं थांबलं होतं आणि सूर एकदम कामाचा झाला होता.

"शकू, ती पयली कोणाची हाय गं? लग्न ठरलंय का तिचं?"

दीपालीचा साखरपुडा मागच्या महिन्यात आमच्या अंगणात झाला. धाकट्या दिरांनी मोबाईल खाली ठेवला, तो अजून तिथेच आहे. आमच्या घराचं वाचनालय बंद पडलंय. सासूबाईंच्या गुडघ्याला निर्गुडीचा पाला, आणि दिवसातून तीन व्हिडिओ कॉल. कोणी विचारलं, ही जोडी जमवली कोणी, तर त्या माझ्याकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, "आमची थोरली. एक काम सांगितलं तर ते सोडून बाकी सगळं करून येते."

येत्या रविवारी दीपालीचा बस्ता आहे. सासूबाईंनी काल सगळ्यांना सांगितलं, "चौकला जायचंय." मग त्या थांबल्या, माझ्याकडे बघितलं आणि दीपालीला फोन लावला.

"तू येशील तेव्हा हिला घरून घेऊन जा गं. हाताला धरून."